टॉवेलाएवढी भाकर



गेल्या महिन्यात एका माउलीचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून ते मी माझ्यापाशीच ठेवतो. घरची जमीन चार एकर, तीही कोरडवाहू. त्यातली दीड एकर गहाण टाकून धाकट्या मुलाला डॉक्टरकी शिकायला परदेशी धाडलंय. देशाचं नाव आर्मेनिया आणि शहराचं नाव येरेवान. पत्रात ती लिहिते, "पोरगं फोनवर सांगतं, इथं टॉवेलाएवढी भाकर मिळते, घडी घालून पिशवीतून आणतो. थट्टा करतंय की खरं सांगतंय, कळत नाही. तुम्ही मुलखामुलखाच्या गोष्टी लिहिता, तर ते गाव कसलं, माणसं कसली आणि ती भाकर कशी करतात, एवढं लिहा. मला काही तिथं जाणं व्हायचं नाही."

ताई, पोरगं थट्टा करत नाही. भाकर खरोखरच टॉवेलाएवढी असते. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी गाव पाहायला हवं. त्या शहरात वाटाड्याबरोबर फिरायची सोय आहे. मोठ्या रस्त्यांच्या पाठीमागचं गाव पायी हिंडून बघायचं आणि शेवटी भाकरीच्या भट्टीशी बसून एक भाकर आपल्या हातानं लावून पाहायची, अशी ती फेरी. "दडलेलं येरेवान" असं काहीबाही नाव देतात तिला. मला ते नाव काही पटत नाही. दडलेलं कुणाच्या दृष्टीनं? तिथं राहतात त्यांना ते रोज सकाळी दार उघडलं की दिसतंच. पण असू द्या. वाचकहो, तुम्हीही पायात वहाणा सरकवा, आज आपण सगळेच या ताईंच्या सोबतीनं जाऊ.

देश अगदी लहान. आपल्या महाराष्ट्रात असे दहा देश मावतील आणि वर थोडी जागा उरेल. समुद्र नाही, चहूकडे डोंगर. लोकवस्ती तीस लाखांच्या आसपास, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त या एकट्या शहरात. १९९१ सालापर्यंत हा मुलूख सोव्हिएत रशियाच्या छत्राखाली होता, त्या वर्षी स्वतंत्र झाला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतं. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिथं साडेसात, म्हणजे पोरगं जेवायला बसायच्या आधी फोन लावायला ही वेळ बरी.

सुरुवात शहराच्या मधल्या चौकातून करू. गोलसर चौक, भोवती मोठमोठ्या दगडी इमारती, आणि दगडाचा रंग पाहाल तर गुलाबी! रंग दिलेला नाही, दगडच तसला. ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट होऊन झालेला हा दगड, त्याला टफ म्हणतात. आपला काळा कातळ जसा सह्याद्रीच्या पोटातून आला, तसाच हाही आगीतूनच आलेला. पण वजनाला हलका आणि छिन्नीला मऊ. कुठं फिकट गुलाबी, कुठं विटकरी, कुठं पिवळट. १९२४ साली अलेक्झांडर तामान्यान नावाच्या वास्तुशिल्पकारानं या शहराचा नवा आराखडा आखला. रुंद रस्ते, बागा, सरळ रांगेतल्या इमारती हे सारं त्याच्या आराखड्यातून आलं. शहर देखणं झालं यात शंका नाही. मात्र नवा आराखडा आखायचा म्हणजे जुन्यावर रेघ ओढायची. मातीची घरं, बोळ, जुनी देवळं त्या रेघेखाली गेली. आपली फेरी आहे ती रेघेखालून जे वाचलं ते पाहायची.

चौकापासून थोडं चाललं की इमारतींच्या गराड्यात एक चिमुकलं चर्च लागतं, कातोघिके त्याचं नाव. आपल्याकडच्या शिवेवरच्या देवळाएवढंच म्हणा ना. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथं सतराव्या शतकातलं एक मोठं चर्च होतं. १९३६ साली सरकारनं ते पाडायला काढलं. बाहेरच्या भिंती उतरवता उतरवता आतून निघालं हे तेराव्या शतकातलं छोटं चर्च! मोठं बांधणाऱ्यांनी लहान मोडलं नव्हतं, त्याला पोटात घेऊनच वर बांधलं होतं. भिंतींवर जुने कोरीव लेख सापडले. जाणकारांनी धावपळ केली, पाडणाऱ्यांचे हात थांबले आणि ते वाचलं. पुढं कित्येक वर्षं ते इमारतींच्या आड अंग चोरून उभं होतं. आता शेजारी नवं चर्च बांधलंय, तेव्हा याला जरा मोकळं आकाश मिळालं.

तिथून मोठ्या रस्त्यावर आलं की एक दरवाजा लागतो. आत निळ्या फरशांचा घुमट आणि झाडांच्या सावलीतलं शांत आवार आहे. ही १७६६ सालची मशीद. त्या काळी येरेवानवर इराणी अंमल होता. सोव्हिएत काळात इथं संग्रहालय होतं, नंतर इराणच्या मदतीनं ती दुरुस्त झाली. घडीभर सावलीला टेका आणि पाणी प्या.

पाण्यावरून सांगायचं राहिलं. येरेवानच्या रस्त्यांवर जागोजाग कमरेएवढे दगडी खांब दिसतील. वरून बोटभर पाण्याची धार सतत उसळत असते. वाकायचं, तोंड लावायचं, पैसा-बिसा काही नाही. यांना पुलपुलाक म्हणतात. बरेचसे कुणा ना कुणा गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी घरच्यांनी बांधलेले असतात. आपल्याकडे वडिलांच्या नावानं पाणपोई घालतात तसंच हे. फरक इतका की आपली पाणपोई उन्हाळ्यापुरती आणि यांची बारमाही.

आता चढण आहे, सावकाश या. या टेकाडावरच्या वस्तीला कोंद म्हणतात. तामान्यानच्या रेघेतून निसटलेलं जुनं येरेवान ते हे. बोळ असे की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटावं. मातीच्या, दगडाच्या, पत्र्याच्या भिंती एकमेकींना धरून उभ्या. दोरीवर कपडे, दारात डब्यातली फुलझाडं, वर द्राक्षाचा मांडव. इथल्या एका सतराव्या शतकातल्या मशिदीत तर माणसांचे संसार आहेत. कमानीखाली भिंती घालून खोल्या पाडल्यात आणि १९१५ नंतर जीव वाचवून आलेल्या कुटुंबांचे वंशज तिथं राहतात. हा भाग पाडून नवा बांधायच्या योजना कित्येक दशकं कागदावर येतात आणि जातात. घर दुरुस्त करावं तर उद्या पाडतील, न करावं तर आज गळतंय. धरणाच्या बुडीत क्षेत्राची नोटीस आलेल्या गावात ज्यानं दिवस काढलेत त्याला हे जगणं वेगळं समजावून सांगायला नको.

आणि १९१५ चं नाव निघालं तर दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. त्या साली आणि पुढची काही वर्षं तुर्कांच्या ऑटोमन राजवटीत लाखो आर्मेनियन माणसांची कत्तल झाली, लाखोंना घरदार सोडून वाळवंटाकडे हाकललं. जे वाचले त्यांतले कितीतरी या शहरात आले. येरेवानच्या पेठांची नावं विचारा. अराबकीर, मलाथिया, सेबास्तिया, झेयथुन. ही सगळी त्यांच्या मागं राहिलेल्या, आता तुर्कस्तानात असलेल्या गावांची नावं. आपल्याकडेही गाव पाण्याखाली गेलं की माणसं नव्या वसाहतीला जुनंच नाव देतात. पत्ता बदलतो, नाव तेवढं पोटाशी धरून आणतात. टेकडीवर त्या मेलेल्यांचं स्मारक १९६७ साली उभं राहिलं. दर २४ एप्रिलला सारं गाव फुलं घेऊन तिकडे चढतं.

कोंदच्या वरच्या अंगाला उभं राहून दक्षिणेकडे बघा. आभाळ स्वच्छ असलं तर बर्फानं माखलेला एक प्रचंड पहाड दिसेल. हाच तो आरारात, ५,१३७ मीटर, आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून उंच. महापुरानंतर नोहाची नौका आरारातच्या डोंगरांवर टेकली असं ख्रिस्ती धर्मग्रंथ सांगतो, आणि तो डोंगर हाच असं मानतात. आर्मेनियाच्या राजमुद्रेवर हाच डोंगर आहे. पण डोंगर मात्र सीमेपलीकडे, तुर्कस्तानात! रोज सकाळी खिडकीतून दिसतो आणि आपला नाही.

इथून पुढं मोटारीनं जाऊ, कारण आता तुम्हा शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचं आहे. वाटाडे बहुधा परदेशी पाहुण्यांना इथं आणतच नाहीत. आणलं तरी लोक पाच मिनिटांत कंटाळतात म्हणे. हे शहर इसवी सनापूर्वी ७८२ साली आर्गिष्टी नावाच्या राजानं वसवलं. तसा बाणासारख्या अक्षरांतला शिलालेखच १९५० साली एरेबुनीच्या टेकडीवर सापडला. शहराच्या दुसऱ्या अंगाला कार्मीर ब्लूर म्हणजे लाल टेकडी. १९३९ पासून तिथं उत्खनन झालं, आणि मंडळी, राजवाड्यापेक्षा कोठारंच जास्त सापडली! गहू, जव, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजणच रांजण, तिळाचं तेल गाळायची जागा. अडीच हजार वर्षांपूर्वी शत्रूनं आग लावली, छप्पर कोसळलं आणि त्याखाली धान्य जळक्या स्वरूपात टिकून राहिलं.

त्याच सुमाराचा रुसा नावाचा एक राजा होता. त्याचा एक शिलालेख शहरालगत झ्वार्तनोत्स नावाच्या ठिकाणी उभा आहे. राजांचे शिलालेख कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे, अमक्याला मारलं, तमक्याला लुटलं. यानं लिहिलंय की हे खोरं पडीक होतं, मी इथं द्राक्षाचे मळे लावले, फळबागा लावल्या, पेरणी केली आणि नदीचं पाणी पाटानं आणलं. पाटाला पाणी सोडताना कोणत्या देवाला काय वाहायचं तेही खोदून ठेवलंय. ती नदी अजून शहरातून वाहते, हरझदान तिचं नाव. जर्दाळूच्या बागाही अजून आहेत. जर्दाळूच्या शास्त्रीय नावातच आर्मेनिया आहे, इतकं ते फळ त्यांचं.

गव्हाच्या कोठारापाशी आलोच आहोत, तर आता भाकरीकडे वळू.

तिचं नाव लवाश. कणीक, पाणी, मीठ, आणि कोणी त्यात कालच्या पिठाचा आंबलेला गोळा विरजणासारखा मिसळतं. एवढंच साहित्य. खरी करामत भट्टीची आणि हातांची. भट्टीला तोनीर म्हणतात. आपण तंदूर म्हणतो त्याचंच हे भावंड. मातीचा मोठा रांजणच, पण तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला. आत सरपण पेटवायचं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या त्यासाठी चांगल्या. नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार या काड्यांचं काय करावं म्हणून डोकं खाजवतात, तिथं त्यांवर भाकऱ्या निघतात. जाळ बसला, निखारे फुलले आणि आतली भिंत तापून निघाली की कामाला सुरुवात.

हे एकटीचं काम नाही. एक बाई पीठ मळून गोळे करते. दुसरी लांब बारीक लाटण्यानं लाटते आणि मग ती पोळी या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत मोठी करत नेते. खानदेशातल्या बायांनो, तुम्हाला हे सांगायला नको. पुरणाचा मांडा कोपरापर्यंत हातावर घेऊन तुम्ही कसा वाढवता, तीच ही चाल. नागपूरकडे लांब पोळी मडक्यावर टाकतात, तिचीही ही मावसबहीण. फरक पुढं आहे. मांडा पालथ्या खापरावर पडतो, ही भाकर उभ्या भिंतीला लावायची. त्यासाठी तिसरीच्या हातात लोडासारखी लांबट गादी असते. आत गवत किंवा लोकर ठासलेली, वर घट्ट कापड आणि मागं हात घालायची सोय. ती पोळी गादीवर ताणून बसवायची, गुडघ्यावर वाकून हात तोनीरच्या तोंडातून आत घालायचा आणि थाप! भिंतीला चिकटली. डोळ्याची दोन-चारदा उघडझाप होते तोवर फुगे येतात, तांबूस ठिपके उमटतात. अर्धा मिनिट, फार तर एक. मग लोखंडी आकड्यानं ओढून बाहेर. हातभर रुंद, दोन हात लांब, आणि पातळ इतकी की पलीकडचा उजेड दिसावा.

पाहुण्यांना इथं एक-एक भाकर लावायला देतात. ती बहुधा चुरगळते किंवा निखाऱ्यात पडते, सगळे हसतात, फोटो निघतो. मोठ्या हॉटेलांत तर बायकांना काचेच्या आड बसवून भाकरी करायला लावतात आणि गिऱ्हाईक जेवता जेवता बघतं. मला ते पाहून बरं वाटत नाही. पण त्या बाईला महिन्याचा पगार मिळतो, आणि माझ्या बरं-वाईट वाटण्यावर तिची चूल पेटत नाही, हेही खरं. त्यांच्या हातांकडे बघा म्हणजे झालं. रोज निखाऱ्यावर वाकायचं, घामाघूम व्हायचं आणि उठून परत वाकायचं. आयुष्यभर चुलीपुढं बसलेल्या बाईला त्या वाफेची धग इथूनही लागेल.

पूर्वी खेड्यात हे काम रोजचं नव्हतं. हिवाळ्याच्या तोंडाला शेजारणी जमायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि महिने पुरतील एवढ्या भाकऱ्या लावायच्या. आपल्याकडे चैत्र-वैशाखात कुरडया-पापड्यांना गल्ली जमते ना, अगदी तशा. भाकरी वाळवून चवडी रचून ठेवायच्या. लागेल तेव्हा पाण्याचा हबका मारायचा, कापडात गुंडाळायचं, घटकाभरात पुन्हा मऊ. बर्फानं वाटा बंद झाल्या तरी घरात भाकर आहे, हीच श्रीमंती. लग्न होऊन नवरा-नवरी दारात आली की सासू दोघांच्या खांद्यांवर लवाश ठेवते, घर भरलेलं राहू दे म्हणून. तोनीरची तर इतकी पत की जिथं चर्च नव्हतं तिथं त्याच्याच साक्षीनं लग्न लागायचं असं जुने लोक सांगतात. सप्तपदी अग्नीभोवती घेणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

२०१४ साली युनेस्को या जागतिक संस्थेनं लवाशला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं. लगेच शेजारी उठले, भाकर काय तुमच्या एकट्याची? २०१६ साली अझरबैजान, इराण, तुर्कस्तान वगैरे पाच देशांनी मिळून आपल्या पातळ भाकऱ्यांचीही नोंद करवून घेतली. बांधाची भांडणं आपल्यालाच करता येतात असं नाही. इकडे दुकानांत यंत्रावर केलेली लवाश प्लॅस्टिकच्या पिशवीतून मिळते, आणि स्वस्त पडते. तुमचा मुलगा आणतो ती बहुधा तीच असेल. नाही तर गल्लीतल्या एखाद्या तळघरातली. रस्त्याच्या पातळीला छोटी खिडकी, खाली भट्टी, खिडकीतून हात घालून भाकर घ्यायची. वाटाड्या नसला तरी वासावरून सापडतं.

माणसं कसली, असं विचारलंत. भाकरीला त्यांच्यात हात्स म्हणतात, आणि जेवणाला वेगळा शब्द न शोधता "भाकर खाणं" असंच म्हणतात. "भाकरी खाल्ली का?" हे आपल्याकडे ज्या अर्थानं विचारतात त्याच अर्थानं. या लोकांनी भुकेचे दिवस पाहिलेत, आणि ते फार जुने नाहीत. १९८८ च्या डिसेंबरात भूकंपानं सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. मग शेजारच्या अझरबैजानशी युद्ध, सीमा बंद, अणुवीजकेंद्र बंद. १९९२ ते ९५ चे हिवाळे या शहरानं विजेवाचून, गॅसवाचून काढले. लोकांनी रस्त्याकडेची झाडं तोडून घरात जाळली, भाकरीला रेशन लागलं. आज पन्नाशीला आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, मेणबत्तीपुढं बसून केलेला अभ्यास आठवेल.

आणि २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच. नागोर्नो-काराबाख नावाच्या डोंगरी मुलखातून एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं आठवडाभरात घरं सोडून इकडे आली. त्यांची स्वतःची एक भाकर आहे, झेंग्यालोव हात्स. पानात दहा-बारा, कधी त्याहून जास्त प्रकारचा रानपाला बारीक चिरून भरायचा, दोन्ही कडा मिटायच्या आणि तव्यावर भाजायची. येरेवानच्या बाजारात त्यांच्या बायका ती जागच्या जागी करून विकतात. ताई, मुलगा माळकरी असेल तर त्याला ही खायला सांगा, मांस-मच्छीचा संबंध नाही. पालेभाजी ओळखणाऱ्या बाईला गाव सुटलं तरी पोट भरता येतं, एवढं त्या बाजारात दिसतं.

आपला आणि या लोकांचा संबंध आजचाही नाही बरं का. आर्मेनियन व्यापारी मोगलांच्या काळापासून सुरतेत होते, पुढं मुंबईत आले. मुंबईच्या कोटात त्यांचं जुनं चर्च अजून उभं आहे. त्यांच्या भाषेतलं जगातलं पहिलं वर्तमानपत्र १७९४ साली निघालं ते त्यांच्या देशात नव्हे, आपल्या मद्रासेत. तेव्हा त्यांची माणसं आपल्याकडे परकी म्हणून राहिली, आता आपली पोरं त्यांच्याकडे राहताहेत.

त्यांच्यात एक बोली आहे, त्सावत् तानेम. म्हाताऱ्या बाया पोरांना उठता-बसता म्हणतात, भाजीवाली गिऱ्हाइकालाही म्हणते. शब्दाचा अर्थ, तुझं दुखणं मी घेऊन जाते. आपण कानशिलावर बोटं मोडून अलाबला घेतो, तेच त्यांनी दोन शब्दांत बसवलंय. मुलाला विचारा, त्याला एव्हाना कुणीतरी नक्की म्हटलं असेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की गावाकडचा एक मुलगा दिवाळीनंतर तिकडे जाणार आहे, त्याच्याबरोबर काय पाठवू. भाकरी पाठवू नका, वाटेत खराब होतील. शेंगदाण्याची चटणी पाठवा, कोरडी, तेल न घालता, डबा घट्ट बांधून. जवसाचीही चालेल. जानेवारीत तिथं पाणी गोठतं, तेव्हा एक जाड घोंगडी. आणि त्याला सांगा, लवाश शिळी होऊन कडक झाली तर टाकायची नाही. ओल्या हातानं पाणी शिंपडायचं, स्वच्छ पंच्यात गुंडाळून ठेवायची, आंघोळ उरकून येईतो मऊ होते. मग चटणी पसरायची आणि गुंडाळी करून कॉलेजला जाता जाता खायची.